हॅचरीची वही, हंगाम 2024-25

6 डिसेंबर 2024, शुक्रवार

हॅचरी, म्हणजे समुद्री कासवांची अंडी पिल्लं होईपर्यंत सांभाळायचं कुंपण, उभी राहिली. बांबू, हिरवं जाळं आणि खाली दीड फूट गाडलेली तारेची जाळी. वरचं कुंपण कुत्र्यांसाठी, खालचं कोल्ह्यांसाठी. कोल्हा कुंपणावरून उडी मारत बसत नाही, खालून उकरतो. जागा गेल्या वर्षीपासून चार मीटर सरकवली, कारण त्याच वाळूत पुन्हा अंडी ठेवली की बुरशी धरते. कडेने निंबोळी पेंड टाकली, लाल मुंग्यांचा बंदोबस्त.

पुळण मोजली. भरतीच्या रेषेपासून मागच्या दगडी बंधाऱ्यापर्यंत माझी 31 पावलं, काकांची 27. काका उंच आहेत. यापुढे वहीत माझीच पावलं धरायची.

यंदाचं नवं काम म्हणजे तापमान. शर्टाच्या बटणाएवढे सहा नोंदयंत्रक मिळालेत, त्यांना आम्ही बटणंच म्हणतो. अंड्यांच्या मधोमध ठेवायचं, तासातासाला आकडा साठतो, घरटं उघडल्यावर काढून घ्यायचं. कासवाच्या पिल्लाचं नर-मादी अंड्यात आधीपासून ठरलेलं नसतं. उबवणीच्या मधल्या एकतृतीयांश काळात वाळू किती तापली यावर ते ठरतं. साधारण 29 ते 31 अंशांच्या मध्ये कुठेतरी ती सीमा आहे. त्याखाली नर जास्त, त्यावर माद्या जास्त. 34-35 च्या पुढे बराच काळ राहिलं तर नर-मादीचा प्रश्नच उरत नाही.

आजवर या वहीत फक्त दोन आकडे असायचे: अंडी किती, पिल्लं सोडली किती. दुसरा आकडा मोठा असला की सगळे खूश.

19 डिसेंबर, गुरुवार

पहिलं घरटं. पहाटे साडेचारला काकांचा फोन, "बाय, आली. उशीर केलान यंदा." पूर्वी नोव्हेंबरच्या शेवटी पहिलं घरटं मिळायचं असं ते दरवर्षी सांगतात. माझ्या तीन हंगामांच्या वहीत तसं एकदाही नाही.

ऑलिव्ह रिडले, म्हणजे इथे येणारी कासवाची जात. तिच्या खुणा ओळखायला सोप्या. डावं-उजवं वल्हं, म्हणजे वल्ह्यासारखा पाय, आळीपाळीने पडतं, लहान ट्रॅक्टर वर चढून वळून गेल्यासारखं दिसतं. अवघड असतं ते प्रत्यक्ष घरटं सापडणं, कारण मादी जाताना सगळ्या अंगाने वाळू दाबून, चहूकडे उडवून जागा पुसून जाते. काका अनवाणी फिरतात. टाचेखाली वाळू जरा दबली की थांबतात. तरुणपणी त्यांनी हीच टाच वापरून अंडी काढून बाजारात विकली आहेत. ते लपवत नाहीत, मिरवतही नाहीत.

112 अंडी. उचलताना अंडं जसं होतं तसंच टोपलीत ठेवायचं, वरची बाजू वरच. काही तासांतच आतला जीव कवचाच्या वरच्या बाजूला चिकटतो, मग फिरवलं तर मेला. म्हणून पहाटेची ही धावपळ. मूळ खड्ड्याची खोली मोजली, 44 सेंमी. हॅचरीत तेवढाच, तसाच सुरईसारखा खड्डा: तोंड अरुंद, पोट मोठं. पन्नासाव्या अंड्यानंतर बटण 1 ठेवलं.

9 जानेवारी 2025, गुरुवार

आजची खूण पाहून वाईट वाटलं. मादी वर आली, सरळ बंधाऱ्यापर्यंत गेली, दगडाला लागली, उजवीकडे सरकली, पुन्हा दगड, आणि तशीच परत. घरटं नाही. बंधाऱ्यालगत वल्ह्याने दोनदा उकरल्याचे ओरखडे, खाली मुरूम लागलेला.

बंधारा वाडी वाचवायला बांधला, आणि वाडीतल्या माणसांना मी तोंडावर चुकीचं म्हणू शकत नाही. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळ आलं तेव्हा यातल्या निम्म्या घरांवर कौल राहिलं नव्हतं, वर्ष होतंय तोवर तौक्ते. पण लाट दगडावर आपटून परत जाते ती समोरची वाळू घेऊन जाते. पुळणीचा स्वभाव असा की पावसाळ्यात ती समुद्रात जाते आणि हिवाळ्यात परत येते. मागे दगड असला की जाणं होतं तेवढंच, येणं कमी होतं. पूर्वी इथे मर्यादवेलीने धरलेला वाळूचा उंचवटा होता. त्यावर आधी सुरूची झाडं लावली, मग ती वादळात आडवी झाली, मग दगड आले.

रात्री क्षितिजावर दिव्यांची ओळ. एलईडी दिव्यांनी मासे गोळा करून पकडण्यावर 2017 पासून बंदी आहे. ओळ तरीही आहे.

14 जानेवारी, मंगळवार

पौर्णिमेचं उधाण. रात्रीच्या भरतीचं पाणी हॅचरीपासून सात पावलांवर आलं. तिळगूळ काकूंनी हॅचरीतच आणून दिला.

28 जानेवारी, मंगळवार

बारा घरटी झाली. बटणांची वाटणी ठरली: तीन घरट्यांवर सावली, तीन उघडी, बाकी आम्ही नेहमी ठेवतो तशी. सावलीसाठी प्रकल्पाकडून हिरवं शेडनेट आलंय. काकांनी ते हातात धरून पाहिलं आणि म्हणाले, "याच्याखाली मी मिरचीची रोपं ठेवतो. ती पण करपतात." ते झाप बांधणार. माडाच्या झावळ्यांचे विणलेले झाप म्हणजे वारा आरपार आणि ऊन अर्धं. मी हो म्हटलं. अहवालात "स्थानिक साहित्य" लिहिलं की चालतं.

13 फेब्रुवारी, गुरुवार

घरटं 1, छप्पन्नावा दिवस. पहाटे वाळू मध्यभागी बशीएवढी खाली बसली होती. म्हणजे खाली कवचं फुटून जागा झाली आणि पिल्लं वर सरकू लागली. टोपली उपडी घातली. सव्वासहाला पहिलं डोकं. मग एकदम सगळी, उकळी आल्यासारखी.

112 पैकी 97. पाण्यात ठेवायची नसतात, वाळूवर सोडायची. चालत जाणं हा त्यांच्या कामाचाच भाग आहे. उजेड असलेल्या क्षितिजाकडे वळायचं, लाटेला तोंड द्यायचं, हे तेवढ्या पंधरा-वीस पावलांत पक्कं होतं.

बटण 1 वाचलं. बहुतेक काळ 28 च्या आसपास, शेवटच्या आठवड्यात 30. शेवटी आकडा चढतो तो उन्हामुळे नव्हे, शंभर जीव एका खड्ड्यात वळवळत असले की त्यांचीच ऊब होते. मधल्या एकतृतीयांश काळात 28.4. यात नर बरेच असावेत. असावेत एवढंच लिहिते, कारण पिल्लाकडे वरून पाहून नर-मादी कळत नाही.

16 फेब्रुवारी, रविवार

रात्री कुणीतरी पुळणीवर गाडी फिरवली. गाडी आणायची नाही असा फलक आहे, फलकाला वळसा घालून चाकांचे ठसे आहेत.

सकाळी घरटं 2 ची पिल्लं सोडली. बहुतेक सरळ गेली. एक चाकाच्या चरीत उतरलं. चर माझ्या चार बोटांएवढी खोल. पिल्लाच्या उंचीला ती भिंतच. ते समुद्राला समांतर चालत सुटलं, थांबलं, मान उचलली, पुन्हा तीच दिशा. वर कावळा, पुढे कुरलीचं बीळ. पिल्लांना हात लावायचा नाही हा नियम मीच पर्यटकांना ओरडून सांगते. मी मोजत राहिले. बावीस पावलं झाल्यावर हाताने चरीची भिंत मोडली. पिल्लाला हात लावला नाही, वाळूला लावला.

मग आम्ही चौघांनी दंताळ्याने सगळी चर बुजवली. तास गेला.

26 फेब्रुवारी, बुधवार

कोकणात उष्णतेच्या लाटेचा इशारा, आणि महिना फेब्रुवारी. आज महाशिवरात्र. लोक म्हणतात, थंडी "शिव शिव" म्हणत जाते. यंदा निरोप न घेताच गेली.

बटणं घरटं उघडेपर्यंत वाचता येत नाहीत, म्हणून शेजारी रिकाम्या वाळूत त्याच खोलीवर लांब दांड्याचा साधा तापमापक खुपसला. दुपारी तीनला झापाखाली 30.1, उघड्यावर 31.9. वरची वाळू पायाला चटका देते. मी चपला घालून होते, काका अर्थात नाहीत.

काका म्हणाले, सगळ्यांवर झाप घालू. मी म्हटलं, तीन उघडी ठेवायचीत, त्याशिवाय सावलीने फरक पडतो हे दाखवणार कसं? ते थोडा वेळ गप्प बसले आणि म्हणाले, "तू त्यांची परीक्षा घेतेयस, बाय. पण नापास झाली तर मरतील ती."

तोड काढली. ठरलेली तीन सोडून बाकी सगळ्यांवर झाप. उघड्यांपैकी एक पुढच्या आठवड्यात फुटेल, दोन खड्डे मोकळे आहेत. तिथे नवी घरटी येतील.

13 मार्च, गुरुवार

शिमगा. पालखी निघाली, आज गस्तीला मी एकटी. आठवड्यात दोन घरटी, 21 आणि 22. ढोलाचा आवाज पुळणीपर्यंत येतो, त्याने माद्या घाबरतात का ते पाहण्याची ही संधी होती, पण एकही आली नाही.

(हवामान खात्याने जाहीर केलेलं इथे नोंदवून ठेवते: देशात 1901 पासूनच्या नोंदींत हा सर्वांत उष्ण फेब्रुवारी. आमची बटणं खोटं बोलत नाहीत तर.)

21 मार्च, शुक्रवार

मासेमारी करणाऱ्या चाचांचा फोन, खाडीच्या तोंडाशी कासव जाळ्यासकट तरंगतंय. त्यांचं स्वतःचं जाळं नव्हे, कुणीतरी समुद्रात सोडून दिलेलं. चार-पाच जातींच्या दोऱ्यांचा गोळा, त्यात थर्माकोलचे तुकडे, एक चप्पल, मेलेल्या कुरल्या आणि ही मादी. पुढचं डावं वल्हं काखेपाशी हाडापर्यंत कापलेलं. दोरी मांसात इतकी रुतली होती की सुरी घालायला फट मिळेना. चाचांनी नखाने फट केली. ती हलत नव्हती, फक्त मधूनमधून नाकपुड्यांतून जोराने श्वास सोडायची, म्हाताऱ्या माणसाने सुस्कारा टाकावा तसा.

वनखात्याला कळवलं, गाडी आली. समुद्री कासवांचं उपचार केंद्र डहाणूला आहे, म्हणजे मुंबई ओलांडून पलीकडे. ओलं गोणपाट अंगावर घालून रवाना केली.

चाचांना विचारलं, तुमच्या जाळ्यात आलं तर? म्हणाले, कापतो. 2018 च्या डिसेंबरपासून राज्याची योजना आहे, संरक्षित प्राणी सोडवायला जाळं कापलं तर 25 हजारांपर्यंत भरपाई, फोटो काढून अर्ज करायचा. चाचांनी एकदा घेतलीही आहे. "पैसे आले. पण उशिरा. तोवर उधारीचं जाळं." तरी ते पुन्हा कापतील असं मला वाटतं. ट्रॉलरवाल्यांचं मात्र सांगता येत नाही. कासवाला श्वासासाठी वर यावंच लागतं आणि ट्रॉलचं जाळं तासन् तास पाण्याखाली ओढलं जातं. कासव निसटण्यासाठी जाळ्यात बसवायची जाळीदार चौकट आपल्याकडे तयार आहे. ती बसवत नाहीत म्हणून अमेरिका 2019 पासून आपली समुद्रातली कोळंबी घेत नाही. चौकटीतून मासळीही निसटते, असं बोटवाले म्हणतात. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत.

24 मार्च, सोमवार

ती मेली. वाटेतच.

4 एप्रिल, शुक्रवार

घरटं 29, 88 अंडी. हंगामातलं शेवटचं असावं. बंधाऱ्याच्या अगदी पायथ्याशी घातलेलं, भरतीच्या टप्प्यात. जागच्या जागी ठेवण्याचा प्रश्नच नव्हता.

हा प्रश्न मला अधूनमधून पडतो, म्हणून लिहिते. जिथे शक्य तिथे घरटं हलवूच नये, मादीने निवडलेली जागा तिच्या अनुभवाची असते, असं आता बरेच जण म्हणतात, आणि मला ते पटतं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या वेळासला 2002 च्या सुमारास सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने हे काम सुरू केलं तेव्हा प्रश्न सरळ होता, अंडी माणूस तरी नेतो नाहीतर कोल्हा. हॅचरी हे त्याचं उत्तर होतं आणि ते लागू पडलं. किनाऱ्या-किनाऱ्यावर कासवमित्र उभे राहिले, माणसाने अंडी नेणं जवळजवळ थांबलं. पण हॅचरीत तीस घरटी एका अंगणात येतात. एक दिवस वाईट गेला की तीसही घरट्यांना तो वाईट जातो.

15 एप्रिल, मंगळवार

घरटं 17. उघडं ठेवलेलं. 27 फेब्रुवारीला घातलं होतं, सत्तेचाळीस दिवस. डिसेंबरचं छप्पन्न दिवसांचं होतं, म्हणजे नऊ दिवस आधी.

काल रात्री 104 पैकी 38 पिल्लं वर आली, थकलेली. काही वाळूवर चार पावलं टाकून बसायची. आज दुपारपर्यंत पुढे काही नाही म्हणून उघडलं. गळ्याशी, वरून वीतभर खाली, पिल्लांचा थर लागला. पूर्ण वाढलेली, पोटावरचा बलक आत ओढून घेतलेली, डोळे उघडे. एकावर एक, सगळ्यांची तोंडं वर. 41 मोजली. वाळू कोरडी आणि गरम. खाली 25 अंडी, काही मधल्याच टप्प्यावर थांबलेली. बटण काढलं. शेवटच्या दहा दिवसांत 35 च्या वर, सर्वांत जास्त 36.2.

शेजारचं घरटं 16, त्याच रात्री घातलेलं, झापाखालचं: 98 पैकी 81. सर्वांत जास्त 33.8. मधल्या एकतृतीयांश काळात 31.5, म्हणजे वाचली ती बहुधा सगळ्या माद्या.

काका शेजारी उकिडवे बसून होते. काही बोलले नाहीत. मेलेली पिल्लं त्यांनी स्वतः खोल पुरली, कुत्र्यांना वास लागू नये म्हणून.

16 एप्रिल, बुधवार

नोंद. घरटं 18, उघड्या गटातलं शेवटचं, त्यावर आज पहाटेपासून झाप आहे. घालणारे: काका. न काढणारी: मी. तुलना इथे संपली, अहवालात तसं लिहीन.

22 एप्रिल, मंगळवार

घरटं 18: 109 पैकी 66. सावली उशिरा मिळाली, त्यामुळे हा आकडा कोणत्याच रकान्यात बसत नाही.

एक चांगली गोष्ट. जानेवारीत गुहागरला अंडी घालून गेलेल्या एका मादीच्या वल्ह्यावर टॅग होता, 03233, आणि तो 2021 साली ओडिशात लावलेला निघाला. समुद्रमार्गे साडेतीन हजार किलोमीटर. पूर्व किनाऱ्याची कासवं वेगळी, पश्चिमेची वेगळी असंच आम्ही धरून चालायचो. 2023 साली गुहागरहून उपग्रह टॅग लावून सोडलेली बागेश्री श्रीलंकेला वळसा घालून बंगालच्या उपसागरात गेली तेव्हाच शंका आली होती. ओडिशातल्या ऋषिकुल्या नदीच्या मुखाशी यंदा फेब्रुवारीत सहा लाखांहून जास्त माद्या आल्या. आमच्याकडे पूर्ण हंगामात 29 घरटी. काकांना टॅगची गोष्ट सांगितली. "मग तिकडचीच एखादी आपल्याकडे राहायला येत असेल. गर्दीचा कंटाळा येतो माणसाला."

21 मे, बुधवार

काल दुपारपासून पाऊस. मे महिन्यात असा पाऊस काकांनाही आठवत नाही. आमच्या हातात घरटं 29 अजून होतं, सत्तेचाळीसावा दिवस. दुपारी झाप काढले, कारण आता उन्हाचं भय नव्हतं, झापावरून ओघळणारं पाणी एका जागी खड्डा पाडत होतं. ताडपत्री बांधली, वाऱ्याने उडाली, पुन्हा बांधली, कडेला चर खणला. दीड महिना या घरट्यावर ऊन येऊ नये म्हणून धडपडत होतो.

रात्री दहाला 52 पिल्लं. टॉर्चवर लाल कागद लावून मोजली. समुद्र काळा, लाट कुठे फुटतेय ते दिसत नव्हतं. रिसॉर्टचे दिवे वीज गेल्याने बंद होते, म्हणून पिल्लं नीट गेली.

26 मे, सोमवार

पाऊस थांबत नाही. मोसमी वारे कालच राज्यात पोचल्याचं जाहीर झालं. हॅचरीचे दोन बांबू लाटेने नेले, बाकीचे आम्ही उपटले. तारेची जाळी गुंडाळून काकांच्या पडवीत. सहा बटणांपैकी पाच हातात, घरटं 12 चं सापडलं नाही.

पुळण मोजली. भरतीच्या रेषेपासून बंधाऱ्यापर्यंत 19 पावलं. पावसाळ्यात कमी होतेच, डिसेंबरशी तुलना करायची नाही. पण गेल्या वर्षी मेअखेर 24 होती, ती मीच मोजलेली.

पुढच्या वर्षी हॅचरी आत सरकवायला पुळणीवर जागा नाही. काकांनी बंधाऱ्यापलीकडची त्यांची माडांची ओळ दाखवली. सावली आयती आहे, वाळूत माती मिसळलेली आहे, मुळं वरच आहेत, आणि पिल्लं टोपलीतून उचलून दगड ओलांडून आणावी लागतील. मी सगळ्या अडचणी सांगितल्या. त्यांनी ऐकून घेतल्या आणि पावलांनी जागा मोजायला लागले. "तुझी पावलं लागतील," म्हणाले, "माझी चालत नाहीत ना तुझ्या वहीत."

मी मोजली. 9 बाय 6. माडाच्या तिसऱ्या आणि चौथ्या बुंध्याच्या मध्ये, 45 सेंमी खोल, बटण 4 पुरून ठेवलं. दर दोन तासांनी नोंद, ऑक्टोबरअखेर काढायचं. खुणेला काकांनी करवंटी उपडी ठेवली आहे.